गुरुवारी बोडीवर

मॅडमनं आधी पाणीच विचारलं :
किती गरम राहते, कुठवर, कोणत्या वेळेला.
मी कोपर बुडवून म्हटलं,
चैतात दुपारी दोन ते चार,
पाळीच्या आतल्या अंगाला, सावली सोडून,
बाळंतिणीच्या न्हाणीइतकं.
तिनं तरी काचेची नळी बुडवलीच,
आकडा वहीत लिहिला,
मग माझ्या कोपराकडे पाहून हसली.

जळवा?
त्या तिकडे, शेवाळात.
गाळ?
घोट्याइतका. शिंदीच्या चटया अंथरून देतो.
म्हशी?
म्हशींना मी सांगतो.

नाव फरहाना. साकोलीपर्यंत एसटीनं येते,
पुढं आशाताईच्या स्कूटीवर.
गाव तिला पोहण्याची मॅडम म्हणते.
ती म्हणते, पोहणं नाही जी,
सदऱ्याची गुंडी लावणं शिकवते मी,
भाकर मोडणं, नाडी सोडणं.
मग पाण्यात काहून?
तिनं होमेशला माझ्या दोन हातांवर ठेवलं.
सांगा आता, वजन किती?

काठावर मी त्याला धानाच्या पोत्यासारखा उचलला होता.
पाण्यात तो करवंटीएवढा.

सात वर्षांचा पोरगा.
पाय कात्रीसारखे एकमेकांत,
डावी मूठ अशी आवळलेली
की नखं काढायला निर्गुणाला शेजारीण बोलवावी लागे,
आणि तळव्याला वास यायचा, आंबल्या पिठाचा.

पन्नास वर्षं मी या बोडीतून जीव बाहेरच काढले.
डाडक, मरळ.
एकदा पलीकडच्या टोलीची बाई, तिचं मी बोलत नाही.
पाण्यात कुणाला धरून नुसतं उभं राहायचं
हे काम मला नवीन.
पहिल्या गुरुवारी माझेच खांदे आखडले.
डोमाजी, श्वास सोडा, मॅडम म्हणाली, त्याला कळते.

जुन्या जाळ्याचे तरंगे आणले,
फाटक्या चपला कापून केलेले,
सगळे निळे, एक गुलाबी, माझ्या नातीच्या चपलेचा.
पोराला तो गुलाबीच पाहिजे.
हात गेला की लाट जायची, लाटेसोबत तरंगा,
आणि हा खिदळायचा,
लाळ, पाणी, ऊन सगळं हनुवटीवर.

धरणं त्याला येतच होतं.
धरलेलं टोपलीत टाकणं येत नव्हतं.
मॅडम त्याचं मनगट पाण्याखाली घेऊन बसायची,
हळूहळू हलवत, काहीतरी मोजत.
बोटं उकलून देऊ का, असं माझ्या तोंडाशी आलं होतं.
पण ओल्या गाठीला नख लावलं
की ती आणखी बसते,
एवढं मी जाळ्यातून शिकलोय. गप राहिलो.

पाच गुरुवार.
सहाव्याला निर्गुणा तेंदूपत्त्याला गेली,
पोरगा रडून रडून निळा, पाण्यात उतरलाच नाही.
मॅडमनं वहीत तेही लिहिलं.
सातव्याला गाडी चुकली.
आठव्याला तरंगा टोपलीत पडला,
पण तो वाऱ्यानं पडला असं मला वाटलं.
बोललो नाही.

काल पहाटे निर्गुणा दारात उभी.
हातात जर्मनचा पेला, कड चेपलेली.
"काका, यानं पेला टाकला."
मी म्हटलं, पडला असंल, रागावू नको.
"पडला नाही जी. टाकला.
पाणी पेला आन् टाकला.
मी उचलून देल्ली, त्यानं परत टाकला.
चार डाव."
ती हसत होती की काय, मला दिव्यात नीट दिसलं नाही.
पेला तिनं मलाच दाखवायला आणला होता,
चेपलेली बाजू वर धरून.

बोडी यंदा वैशाख संपायच्या आत तळाला लागेल.
मॅडम विचारते, पुढं काय.
मोटरीपाशी पंचायतीचा हौद आहे, बैलांचा.
आज त्यात कोपर घालून पाहिलं.
गार आहे, बोअरचं पाणी.
सकाळीच भरून उन्हात ठेवला
तर दोनपर्यंत जमेल असं वाटते.
चुना मारून घासतो उद्या.
बैलांना सांगून ठेवतो.