रवा

नायलॉनचा धागा बोटभर कापायचा.
टोक आचेजवळ न्यायचं, आचेत नाही.
हे मला प्रयोगशाळेनं शिकवलं नाही.
हुपरीच्या माडीवर पैंजणाची तार धरून
आप्पा सांगायचे, "आच लांबनं दे,
रवा आपसूक गोल हुतोय."

फार्मसी कॉलेजच्या मागं, जनावरघरात
सटवाप्पा भुसा बदलतो, विचारतो,
"आज कितवा?"
सत्तावीस. दोनशे ऐंशी ग्रॅम.
भूल देऊन गळ्यातली शीर उघडते,
धागा आत सारते, डावीकडून वर,
रवा अडतो तिथं थांबते.
साठ मिनिटं. साठाव्याला ओढून घेते.

दुसऱ्या दिवशी शेपटीला धरून उचलायचं:
उजवा पंजा पोटाशी वळलेला.
खाली ठेवला की फिरतो, उजवीकडेच, उजवीकडेच.
वहीत लिहायचं, दोन.
मग मेंदूच्या चकत्या रंगात टाकायच्या.
जिवंत ते लाल होतं,
मेलेलं पांढरं राहतं.
औषध दिलेल्यांत पांढरं कमी निघालं
तेव्हा सरांनी कंदी पेढे आणले होते.
सटवाप्पानं त्याचा पेढा खिशात ठेवला.

आप्पांच्या डोक्यात रवा कधी अडला
कुणाला माहीत नाही.
चारला पाणी प्यायले.
सहाला तांब्या हातात राहीना.
गडमुडशिंगीला उसाच्या ट्रॉल्या आडव्या,
आणि सीपीआरला डॉक्टरांचा पहिला प्रश्न,
"नक्की किती वाजता?"
मी गप्प. मी, जिच्या वहीत
सत्तावीस उंदरांची मिनिटं आहेत.

माझे उंदीर एका वयाचे. बीपी नाही, साखर नाही,
तंबाखूची पुडी नाही, दिवाळीच्या ऑर्डरी नाहीत,
बारा तास उजेड, बारा तास अंधार, मोजून.
त्यांना माझं औषध लागू पडतं.
अशी कितीतरी औषधं उंदरांत पास झाली
आणि माणसाशी येऊन नापास,
हे माझ्याच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आहे.
मी ते टाइप केलं होतं
चहा पीत.

आता आप्पा कॉटवर. उजवी मूठ उघडत नाही.
मी बोटं एकेक सोडवते, ती परत मिटतात.
आकडा मनात येतो. लिहीत नाही.

काल माझ्या ॲप्रनच्या खिशातून
धाग्याचा एक तुकडा त्यांच्या चादरीवर पडला.
डाव्या हातानं उचलला,
खिडकीकडे धरून, डोळा बारीक करून
रवा नखावर फिरवला बराच वेळ,
आणि बाजूला टाकला,
जिथं ते पुन्हा वितळवायचा माल टाकत.