अठ्ठावीस मिलिमीटर

कळमन्यातून आणलेल्या संत्र्याच्या पेट्या मोडल्या,
वाकडे खिळे पायरीवर ठोकून सरळ केले
आणि फेब्रुवारी संपायच्या आत
परसात टांगल्या चार खोल्या.
चिमण्यांसाठी, असं सगळ्या गल्लीला सांगितलं.
गल्लीनं ऐकलं. परसानं नाही.

शेवग्यावरच्या खोलीत वल्गुली आली,
राखी अंग, काळं डोकं, पांढरे गाल,
गळ्यापासून पोटावर उतरलेली काळी पट्टी,
टाय लावून स्वतःच्याच निरोपसमारंभाला आलेल्या
आमच्या ऑफिसातल्या शिपायासारखी.
कूलरच्या ताटीतला भुसा तिनं उपसून नेला,
धकात्यांच्या बोक्याचे केसही.
नवव्या दिवशी खोलीखाली
तीन अंडी फुटलेली. इवली, तांबूस ठिपक्यांची.
वर दारातून गवत लोंबत होतं
आणि गवतावर छाती काढून चिमणा.

ज्याच्यासाठी मी खिळे सरळ केले, तोच.

बत्तीस वर्षं सुधार प्रन्यासात
अतिक्रमणाच्या फायली हाताळल्या मी.
भूखंड क्रमांक, चतुःसीमा, आरएल आहे की नाही,
सात दिवसांत ताबा सोडावा अन्यथा.
सवयीनं शिडी लावली, गवत ओढून काढलं.
त्यानं परत भरलं.
मी काढलं. त्यानं भरलं.
पाचदा.
सहाव्यांदा बोटाला काहीतरी कोमट लागलं
आणि मी शिडीवरच उभी राहिले,
एप्रिलच्या चव्वेचाळीस अंशांत, नोटिशीविना.

धकाते भिंतीवरून म्हणाले,
‘काय करून राहिल्या म्याडम?
तुम्हीच खोल्या टांगल्या, तुम्हीच भांडण लावलं.’

साळुंकीचं तर विचारूच नका.
एक जोडी, आणि तीन बिळं अडवलेली:
एकात संसार,
दोनात नुसता कचरा, प्लास्टिक, सापाची कात,
दुसऱ्या कुणी येऊ नये म्हणून.
असे लोक मला माहीत आहेत.
त्यांच्या फायली जाड असायच्या
आणि टेबलावर फार वेळ थांबायच्या नाहीत.

उईकेची फाईल पातळ होती. दोन कागद.
वाठोड्याच्या नाल्याकाठी टिनाचं छप्पर,
कडेवर पोरगी, तिच्या हातात अर्धं बिस्किट.
त्यानं नोटीस उलटी धरली, सुलटी धरली,
मग शांतपणे म्हणाला,
‘मंग कोठी जाऊ, थे बी लिहून द्या ना कागदावर.’
नमुन्यात तसा रकाना नव्हता.
मी पोचवर अंगठा घेतला.

धकात्यांच्या फॅब्रिकेशनमधून आता
लोखंडी चकत्या कापून आणल्यात.
अठ्ठावीस मिलिमीटरचं भोक: वल्गुली जाते, चिमणा अडतो.
बत्तीसचं: चिमणा जातो, साळुंकी अडते.
दरवाजाच निकाल देतो, शिडी लागत नाही.
दोन खोल्या शेजारी शेजारी लावल्या,
कारण चिमणा चिमण्याला जवळ खपवून घेतो,
वल्गुली वल्गुलीला नाही,
हे मी तीन वर्षं चुकून शिकले.
कचऱ्याची दोन बिळं मात्र मी साफ करते,
रोज सकाळी, दात घासण्याआधी.
तिथे माझा हात थरथरत नाही.

दयाळचं गणित अजून सुटलेलं नाही.
ज्या दारातून दयाळ शिरतो
त्याच दारातून साळुंकीही.
चकती तिथे काही बोलत नाही.
त्याची खोली जिन्याखाली अंधारात लावून पाहिली,
संडासाच्या भिंतीला लावून पाहिली.
यंदा तो पाण्याच्या टाकीवर बसून पहाटे गातो
आणि राहतो कुठे, मला ठाऊक नाही.

काल रात्री पाचवी पेटी मोडायला घेतली.
फळीवर संत्र्याचा वास अजून होता.
पेन्सिलनं गोल काढला, खोडला,
मोठा काढला,
खोडला.