पाणकर

तलावाच्या पारीवर लोखंडी पेटी, पेटीत हिरवा बोर्ड.
नखाएवढा प्रोसेसर, आणि शेजारी
त्याहून लहान एक काळा चौकोन,
ज्याला नाव नाही, नुसते आकडे.

तीन दिवस पाण्याची पातळी येत नाही.
सचिव फोनवर म्हणतात, सेल बदलून टाक.
सेल ठीक आहे. तीन पूर्णांक नऊ.

काळा चौकोन सेलकडून एकच धार घेतो
आणि तीन पाटांना सोडतो, पण एकदम नाही.
आधी गाभ्याला, एक पूर्णांक एक.
तो भरला की मेमरीला.
मग बाहेरच्या तारांना, तीन पूर्णांक तीन.
सगळे भरल्यावरच
प्रोसेसरच्या मानेवरचा हात काढतो: ऊठ आता.
क्रम चुकला तर वीज मागच्या दारानं
रिकाम्या गाभ्यात शिरते,
आणि तो अर्धवट झोपेतल्या माणसासारखा बरळतो.

आज पहिल्याच पाटावर अडलंय.
स्कोपवर रेघ अर्ध्यापर्यंत चढते, पडते.
पुन्हा चढते.
चौकोन सोडतो, बघतो, बंद करतो.
कंटाळत नाही.

रुषीजी पाथोडे माझ्या खांद्यावरून वाकले.
एकतीस वर्षं त्यांनी या तलावाचं तुडूम उघडलं,
कोणाच्या बांधीत आधी, कोणाच्या मागून,
सगळं तोंडपाठ.
"काहून पडते ते?"
म्हटलं, कुठंतरी वाहून जातंय.
"मंग बांधी फुटली असन. तुडमाले कायले दोष देतं?
पाटानं चालत जा. पाय भिजला का सापडली."

सेल काढला. बाहेरून एक व्होल्ट दिला, जपून.
बोर्डावर स्पिरिट पसरलं आणि श्वास धरून बसले.
सगळीकडे ओलं चकचकीत.
तिळाएवढ्या एका कपॅसिटरवरून मात्र
स्पिरिट आधी उडालं.
तोच. आतून चिरलेला, गाभ्याचं पाणी
सरळ जमिनीत सोडणारा.

चिमट्यानं उपटला. तसे आठ आहेत,
सातांवर भागेल पुढच्या फेरीपर्यंत.
सेल जोडला.
एक पूर्णांक एक. थांबलं तिथंच.
मग बाकीचे, आपापल्या पाळीनं.
हिरवा दिवा. दोन मीटर चौदा.

रुषीजींनी तुडमाच्या दगडावरची खूण पाहिली,
मान हलवली; हो की नाही, कळलं नाही.
"तुया पाणकर भल्ला कंजूस हाय," म्हणाले.

मी पेटीचे स्क्रू आवळले.
तो तीळ पारीवरच्या गवतात कुठंतरी पडला होता.
मला नको होता.
रुषीजी वाकून शोधत होते.