रात्री उठतं कोण

कापगतेंच्या घरी दरोडा पडला
त्याच महिन्यात मी अर्ज भरला.
कारण : स्वसंरक्षण.
कारकून म्हणाला, अक्षर छान आहे बाई.
ठाण्यातून माणूस दोनदा आला, चहा पिऊन गेला,
आणि धान निसवलं तेव्हा
परवाना आला माझ्या नावाचा.
फोटोत माझे डोळे मिटलेले.

हे सबस्टेशनला, आठवड्यातून चार राती.
घर गावाच्या टोकाला,
मागे बोडी, बोडीमागे जंगल.

रेलटोलीत सैफुद्दीनभाईंचं दुकान.
सोबत पुतण्या देवानंद, मोबाइलवर सगळं पाहून आलेला :
दोननळीच घे काकू,
नुसती दाखवली तरी पळतेत.
भाई म्हणाले, दाखवायचीच असेल
तर काठी स्वस्त पडते.

मग माझ्याकडे वळले.
मुसळ उचलता ना?
हिचं वजन तेवढंच.
पण मुसळ खाली पडतं, ही मागे येते.
खांद्याला लावून दिली.
शिवणयंत्राच्या तेलासारखा वास,
गालाला लाकूड थंडगार.

आता सांगा, खाटेपासून दार किती?
नऊ पावलं.
मध्ये काय?
धानाची कोठी. सायकल.
दाराच्या समोर?
हातभर बोळ, मग फगनीच्या घराचा कूड.
आणि कुडाच्या आत?
तिची पोरं झोपतात, मी म्हणाले,
आणि म्हणता म्हणता बंदूक खाली घेतली.
भाईंनी मोठ्या छऱ्यांचा डबा
काही न बोलता फळीवर परत ठेवला.

रात्री उठतं कोण?

देवानंद हसला.
मामाजी उठतात, मी म्हटलं. दोनदा.
तीस वर्षं राइस मिलच्या पट्ट्याजवळ उभं राहून
दोन्ही कान गेलेले.
कोण हाय गा, विचारलं
तर उत्तर येणार नाही.
उत्तर देत नाही तो चोर,
असं सकाळीच बसमध्ये
देवानंद मला शिकवत होता.

घेतली.
हो, घेतली. एकनळी.
काडतुसं वेगळ्या पेटीत, पेटीची किल्ली माझ्या पोतीत.
आणि येताना बाजारातून
बैलाच्या गळ्यातलं घुंगरू.
दुकानदार म्हणे, एकच? लोक जोडी नेतात.

मामाजींच्या काठीला बांधलं.
त्यांनी काठी हलवून पाहिली.
वाजते का?
मी मान हलवली.
काहून बांधलं?
हे खाणाखुणांनी कसं सांगावं
दुपारभर सुचलं नाही.
शेवटी त्यांनीच ठरवलं, सापासाठी असेल.
शेजारीपाजारी सांगून आले,
सून मोठी काळजीची.

आता रात्री घुंगरू उठतं,
कोठीला वळसा घालतं,
सायकलला एकदा धडकतं,
कडी काढून बोडीकडे जातं,
परत येतं.
मी खाटेवर पावलं मोजते.
हात किल्लीकडे जातो, परत येतो.
ज्याला ऐकू येत नाही त्याचा आवाज
मी ऐकत असते.

काल काठी भिंतीलाच टेकून राहिली.
अंधारात पावलं आली, नुसती.
पाच. सहा.
किल्ली मुठीत, तोंड कोरडं,
विचारू नये माहीत असून विचारलं,
कोण हाय गा?

बोळापलीकडून, कुडाच्या आतून,
फगनीचं धाकटं पोरगं
झोपेतच बोललं :
मी.