एक भागिले पंधरा

मांडवीहून लहरीपुऱ्याकडे येताना
बांगड्यांच्या दोन दुकानांमध्ये
एका माणसाच्या खांद्यांएवढं रुंद दुकान.
पाटी नाही.
अर्ध्या बडोद्याच्या डब्यांवर अक्षर त्यांचंच,
पाटी कशाला?

मार्तंडमामा तांबट. भांड्यांवर नावं घालायचे.
आईच्या लग्नातल्या ताटावर
‘चि. सौ. कां.’ कोरलंय,
त्यातला अनुस्वार अजून बोटाला लागतो.

मी गेले ते माघातल्या एका रविवारी.
कॅमेरा सेकंडहँड, पन्नासची जुनी लेन्स, झाकण धातूचं,
आणि सहा महिने डोक्यात एकच:
फोटो धारदार हवा.
मोठा करून बघावा
तर भुवईचा केस न् केस सुटा दिसावा.

पहिला घेतला एक पूर्णांक आठला.
चष्म्याची काच लख्ख,
कान मात्र दुधात विरघळलेला.
“वीतभर तोंड माझं,” मामा म्हणाले,
“तेवढंही मावत नाही होय तुझ्यात?”

मग छिद्र बारीक करत नेलं. अकरा. सोळा. बावीस.
आलं, सगळं आलं.
कान, हातोडी, मागचं दूध डेअरीचं कॅलेंडर.
पण सगळ्यावर पातळशी साय.
छिद्र सुईएवढं झालं की उजेड कडांना घासून पसरतो
असं वाचलं होतं, पटलं नव्हतं.
मामांना लगेच पटलं.
“छिन्नीचंही तेच. फार बारीक घासली
की रेघ फाटते.
अधली धार बरी ने, बेटा.”
मी आठवर आणून ठेवलं.

उजेड तसा कमीच. आयएसओ चढवला
तर काळोखात रवा सांडला.
उतरवला.
शेवटी एक पातेलं उपडं घातलं, त्यावर कॅमेरा,
खाली घडी केलेला पंचा,
आणि श्वास धरून बसले.

माझा हात राहिला स्थिर.
त्यांचा नाही.
मांडीवर ठेवला होता नुसता,
तरी आपला चालूच, जणू मशीन अजून धरलंय.
“स्विच सापडत नाही याचा,” ते म्हणाले.
दिवाळीपासून नावं पुतण्या घालतो,
लेझरवर, गोरव्याला. ती बोटाला लागत नाहीत.

बाहेरचा बल्ब आत ओढला, शटर पाचशेला नेलं.
हात थिजला.
नखातलं काळं, अंगठ्यावरची जुनी पांढरी चीर,
एकेक सुरकुती पितळेवर काढल्यासारखी.
मामांनी स्क्रीन नाकाजवळ नेली.
खूप वेळ काही बोलले नाहीत.
शेजारच्या बांगडीवाल्याला हाक मारून दाखवलं,
“हसमुखभाई, जुओ, मारो हाथ!”

तेवढ्यात वीज गेली.
मी चाक फिरवलं, अंदाजाने दाबलं.
एक भागिले पंधरा.
हंडे, कळश्या, त्यांच्यावरची नावं,
सगळं वाचता येईल इतकं स्वच्छ.
आणि मधोमध, हात असायला हवा तिथे
धूर. पाकोळी. काहीतरी.
मी खोडायला बटण शोधत होते.
“थांब. हा कितीचा?”
सेकंदाचा पंधरावा भाग, मी म्हटलं.
त्यांनी ओठांनी मोजलं, टक.
“एवढ्यात एक टिंब पडायचं माझं.
आणि मघाचा?”
पाचशेवा.
“हां,” ते म्हणाले. “पाचशेव्या भागात
कुणीही शांत दिसेल.”

प्रिंट दोन्ही दिल्या.
पाचशेचा त्यांनी मामींसाठी घरी नेला.
दुसरा पावतीपुस्तकात ठेवला, का ते विचारलं नाही.

पैशांचं काढलं तर रागावले.
लेन्सचं झाकण मागून घेतलं,
पुतण्या जेवायला गेला तेव्हा
जुनी छिन्नी काढून पाठमोरे बसले.
टक. मग बराच वेळ काही नाही. टक.

‘वृंदा’ लिहिलंय.
अनुस्वार सरकून ‘दा’वर गेलाय.
लेन्स उघडताना
दर वेळी अंगठा आधी तिथेच जातो.