निदान

पाकीट जाड होतं. पोस्टवाली बाई
गाडीतून उतरून, बर्फ तुडवत दारापर्यंत आली,
पेटीत कोंबलं नाही तिनं.
रेइनो म्हणाला, जाड आहे म्हणजे नाहीच म्हणालेत.
हो म्हणायला एवढे कागद कशाला?
आणि लाकडं आणायला निघून गेला.
मी पिठाचे हात पुसले.

अकरा पानं. वॉशिंग्टनच्या अपील मंडळाची.
वर त्याचं नाव, नावाहून लांब एक नंबर.
अर्जदाराचे लष्करी दप्तर उपलब्ध नाही,
सेंट लुईसच्या आगीत नष्ट झाले असावे.
मला हसू आलं, काय करणार.
कोरियात पाय गोठून काळे पडले
आणि तसं लिहिलेला कागद मात्र जळून.

पान चार. डॉक्टरांचं मत.
अर्जदार मिशिगनच्या उत्तर टोकाला राहतो,
तिथे वर्षातले पाच महिने बर्फ असतो,
तेव्हा इजा नेमकी कुठल्या थंडीची, सांगता येत नाही.
डॉक्टरसाहेब, मी इथलीच.
माझा बाप ह्याच थंडीत तांब्याच्या खाणीवर चालत जायचा.
आम्ही नऊ भावंडं, सगळ्यांच्या बोटांना नखं आहेत.
इथली थंडी सांगून येते,
बूट काढायला वेळ देते.
त्या डिसेंबरात तेरा दिवस
त्याला बूट काढता आले नव्हते.

पान सहावर मी आहे.
'अर्जदाराची पत्नी'. सात वेळा, मोजलं मी.
पत्नीने वैद्यकीय शिक्षण घेतलेले नाही,
निदान करण्यास ती पात्र नाही.
बरोबर आहे. मी कुठे केलं निदान?
मी किराण्याच्या वहीतली दोन पानं फाडून लिहिलं होतं
की लग्नाच्या रात्री तो मोजे घालून झोपला.
की त्याचे पाय मी पहिल्यांदा पाहिले
तेव्हा आमची थोरली चालायला लागली होती.
की सॉनातलं पाणी आधी मी हात घालून बघते.
की एकदा शेगडीतून निखारा पडला,
हा त्यावर पाय ठेवून पेपर वाचत बसला
आणि मला, स्वयंपाकघरात,
लोकर जळाल्याचा वास आला.

सगळं छापलंय त्यांनी. शुद्धलेखन सुधारून.
पुढे म्हटलंय, जे डोळ्यांनी पाहिले, नाकाने हुंगले
ते सांगण्यास पत्नी पात्र आहे.
मंडळास तिचे म्हणणे विश्वसनीय वाटते.

हे मला आजवर कोणी लेखी दिलं नव्हतं.
चर्चनंसुद्धा नाही.

मग तराजू. दोन्हीकडचा पुरावा सारखा,
शक्यता निदान निम्मी,
आणि काटा असा मधोमध अडला
तर संशयाचा फायदा शिपायाला.
मला वाटायचं तो चोरांनाच मिळतो.

पैसे अर्जाच्या तारखेपासून.
त्याआधीची अठ्ठेचाळीस वर्षं
कोणी मागितली नव्हती, म्हणून कोणाचीच नाहीत.
का नाही मागितलं, हे अकरा पानांत कुठे नाही.
मी विचारायचे तेव्हा तो म्हणायचा,
मला निदान पाय आहेत, आयली.
मग गप्प. मग कुऱ्हाडीला धार.

तो आला. बुटांवरचा बर्फ उंबऱ्यावर झटकला.
"काय म्हणतात?"
"हो म्हणतात."
त्यानं लाकडं रचली, एकेक, साल खाली करून,
शेवटचं नीट बसेना, ते पुन्हा काढून फिरवलं.
"कुठल्या पायाला?"
"दोन्ही."
बाकावर बसून नाड्या सोडायला त्याला
नेहमीसारखाच वेळ लागला.
"उजवा तसा बरा होता," म्हणाला,
जणू मंडळाच्या हिशेबात चूक झालीय
आणि ती कळवायला हवी.

मी टबातल्या पाण्यात हात घातला,
थोडं गार ओतलं अजून.