शिंप्याचा टेप

सिव्हिलच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालची खोली.
टेबलावर शिंप्याचा टेप. पन्नास ते साठ
एवढेच आकडे मळलेत त्याचे.

फॉर्मला सगळ्यात आधी समाज लागतो.
मग नाव, मग आवाज कधीपासून ऐकू येतात,
मग मागे, मागे, थेट आईच्या पोटापर्यंत.

पवळीबाई भोये. सुरगाण्याहून, पहाटेच्या एसटीनं.
शेजारी सावळीराम, वय बावीस, कानांत कापसाचे बोळे.
जन्मल्यावर लगेच रडला का?
"रडला असंल. मीच शुद्धीत नव्हते."
कितव्या महिन्यात चालायला लागला?
"नागली मळत होतो तवा."
मी महिना विचारते, ती खळं सांगते.
कुठल्या सालची नागली?
"कमी आली त्या सालची."
मी पेन्सिलनं लिहिते: सतरा. पुढे प्रश्नचिन्ह.

काल मालेगावच्या नफीसा अन्सारी म्हणाल्या,
इश्तियाकचा पहिला शब्द वीज गेली त्या रात्रीचा,
माग बंद होते म्हणून तर ऐकू आला.
आधीही बोलला असेल,
त्या खटखटीत कुणाला कळणार?

पुण्याचे सर समजावतात: पोटात असतानाच
मेंदू घड्या घालत असतो. एखादी तिरकी बसते,
आणि वीस वर्षं कापड नीटच दिसतं.
मी विचारलं, कोकण्यांत जास्त निघाल्या तर?
ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले,
तर आधी बघायचं, बाळंतिणीला
गाडी किती कोसांवर मिळत होती.
त्याचा रकाना फॉर्मात नाही.

मूठ, कड, तळवा. मूठ, कड, तळवा.
माझ्यामागून करायचं, सावळीराम.
तो मुठीवरच थांबतो,
जणू आत कुणीतरी "उघडू नको" म्हणतंय.

गरोदरपणी ताप? उपास? कुणी हात उचलला होता?
पवळीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते.
"म्हंजे माझ्यातच खोट व्हती?"
नाही हो, तसं नाही, मी म्हणते,
रोज म्हणते, आणि पान उलटते.

मग टेप. भुवयांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून.
त्याचं चोपन्न.
मी टेप गुंडाळायला घेते तर
ती डोक्यावरचा पदर मागे सारते,
मान पुढे करते.
"माझं बी मोजा. हितूनच आला ना तो."

केसांना धुराचा वास.
मी मोजलं. समासात लिहिलं, बारीक अक्षरात.
आकडा तिला सांगितला नाही,
तिनंही विचारला नाही.
विचारलं ते एवढंच,
परतीची गाडी दोनची की तीनची.